‘लंगोट काचलाय’ म्हणत काढलेली वर्षं

भावा, तुझं दुखणं थोडक्यात असं: वय 29, सुपारी फुटलीय, हौसेनं सगळ्या गुप्तरोगांच्या तपासण्यांचं पॅकेज केलंस आणि एचएसव्ही-2 (गुप्तांगावर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू) आयजीजी, म्हणजे त्याविरुद्धच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, पॉझिटिव्ह आली, आकडा 1.9. आजवर फोड नाही, आग नाही. आता विचारतोयस की हे खरं का, आणि होणाऱ्या बायकोला सांगायचं का.

आज रात्री तिला काही सांगू नकोस. 1.1 च्या वर गेलं की लॅब पॉझिटिव्ह छापते, पण 1.1 ते 3 च्या मधले निकाल या तपासणीत बऱ्याचदा खोटे निघतात. लक्षणं नसलेल्यांची सरसकट ही तपासणी करू नका असं अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते, त्यामागं हेही एक कारण आहे. तेव्हा त्वचा-गुप्तरोगवाल्या डॉक्टरांना गाठ आणि वेगळ्या पद्धतीची दुसरी तपासणी कुठं होईल ते विचार. मागच्या तीन महिन्यांत कुणाशी संबंध आला असेल तर 12 आठवडे भरल्यावर पुन्हा रक्त दे. रिपोर्टात आयजीएमची (दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची) ओळ असेल तर तिच्याकडं बघूही नकोस, नवं की जुनं ते तिला सांगता येत नाही. खाजगीत जायला लाज वाटत असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढ. तिथल्या गर्दीत तुझ्याकडं बघायला कुणाला वेळ नाही.

आता धरून चाल की निकाल खरा निघाला. मग माझी गोष्ट ऐक.

मी पेठेतल्या तालमीत वाढलेला. नोकरीला पुण्यात होतो तेव्हा लग्नाआधी एक संबंध आला, तो मिटला, विषय संपला असं मी धरलं. त्यानंतर वर्षातनं एखाद-दुसऱ्या वेळी जांघेत रुपयाएवढी जागा खाजायची, चार दिवसांत बसायची. सुट्टीला आलो की आखाड्यात उतरायचो, त्यामुळं लंगोट काचलाय म्हणायचं आणि खोबरेल लावायचं. तालमीत गजकर्ण आणि काचणं याशिवाय तिसरं निदान नसतंच. डॉक्टरांनी विचारलं असतं तर ‘लक्षण काही नाही’ हेच सांगितलं असतं, आणि खोटं बोलतोय असं मला वाटलंही नसतं. तूही नीट आठवून बघ.

2012 ला लग्न झालं. आठ महिन्यांनी बायकोला ताप, जांघेत गाठी, आणि लघवीला अशी आग की बाथरूममध्ये भिंतीला डोकं टेकून रडायची. पहिले डॉक्टर म्हणाले उष्णता आहे. घरात तांबडा रस्सा बंद, सब्जा सुरू. तिसऱ्या डॉक्टरांनी फोडातलं पाणी तपासायला पाठवलं तेव्हा एचएसव्ही-2 कळलं. त्या संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर मी तिला विचारलं, “कुणाकडनं आलं?” तिच्या आयुष्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चार दिवसांनी माझं रक्त तपासलं, आकडा 6 च्या वर. लंगोटाचा सच्चा म्हणून मिरवणारा गडी! अजून भांडण पेटलं की ती तोच प्रश्न मला परत विचारते, माझ्याच आवाजात.

हे कसं होतं ते समजून घे. विषाणू कमरेखालच्या मज्जातंतूंच्या गाठींत कायमचा बसतो आणि अधनंमधनं कातडीवर येऊन जातो. फोड आला तरच येतो असं नाही. 2011 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात लोकांनी रोज गुप्तांगाचे स्वॅब घेतले. ज्यांना फोड येतात त्यांच्यात सुमारे 20 टक्के दिवशी विषाणू सापडला, आणि ज्यांना कधीच काही झालेलं नाही त्यांच्यातही 10 टक्के दिवशी. म्हणजे महिन्यातले तीनेक दिवस, आणि ते कोणते हे तुला कळणार नाही.

तरी घाबरून लग्न मोडायला निघू नकोस. 2004 च्या एका चाचणीत 1484 जोडपी होती, एकाला हर्पिस, दुसऱ्याला नाही. आठ महिन्यांत औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी 3.6 टक्क्यांना लागण झाली. रोज 500 मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणू दाबणारी गोळी घेणाऱ्यांच्या जोडीदारांत 1.9 टक्के. त्यातल्या हर्पिसवाल्यांना फोड येत होते, तुझ्यासारख्यांवर तो आकडा जसाच्या तसा बसणार नाही, म्हणून गोळीचं डॉक्टरांनाच ठरवू दे. निरोधानं धोका कमी होतो, पण त्याखाली न झाकलेली कातडी राहतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजानुसार 15 ते 49 वयातल्या सुमारे 52 कोटी माणसांत हा विषाणू आहे. बहुतेकांना पत्ताही नाही.

सांगायचं का? निकाल पक्का झाला तर हो, आणि अक्षता पडायच्या आधी. ती नको म्हणाली तर तो तिचा हक्क. मध्ये काका-मामा घालू नकोस, दोघंच बसा. किती दिवसांपासून आहे हे रक्ताला सांगता येत नाही, त्यामुळं ‘कधीचं’ आणि ‘कुणाचं’ यावर तिनं विचारलं तर जेवढं खरं ठाऊक आहे तेवढं बोल. एक गोष्ट मात्र नक्की सांग: गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईला ही लागण पहिल्यांदा झाली तर बाळंतपणात बाळाला जाण्याचा धोका 30 ते 50 टक्के असतो, आधीपासून असेल तर एक टक्क्याच्याही आत. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांपासून हे लपवायचं नाही. आम्ही सांगितलं होतं. पोरगी आता सातवीत आहे, ठणठणीत.

घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडं चिठ्ठीवर ‘हर्पिस’ वाचून मावशीनं नागीण समजली. ती वेगळी, कांजिण्यांच्या विषाणूची. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून ती गेरू घेऊन दारात हजर. आम्ही गेरू लावून घेतला, पाठीला.

आणि तो रिपोर्ट मोबाईलमधनं काढून टाक. तालमीतल्या ग्रुपवर एकदा फोटो गेला की काय होतं ते तुला मी सांगायला नको.