‘खोली आहे का?’ याचं उत्तर तुमच्या वेबसाइटनेच द्यावं

कोकणात घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्या मंडळींचे प्रश्न या वेळी जास्त आले. बहुतेकांची तक्रार एकच: वेबसाइट आहे, लोक ती बघतातही, पण बुकिंग मात्र मोठ्या प्लॅटफॉर्मवरून (अनेकांच्या खोल्या दाखवणाऱ्या बुकिंग साइटवरून) किंवा फोनवरच होतं.

तारकर्लीहून: आमच्या चार खोल्या आहेत. दोन मोठे प्लॅटफॉर्म आणि आमची वेबसाइट यांची कॅलेंडरं लिंकने जोडली आहेत. तरीही नाताळात एका खोलीसाठी दोन कुटुंबं दारात उभी राहिली. चूक कुठे झाली?

तुम्ही जोडलेली लिंक आयकॅल प्रकारची, म्हणजे कॅलेंडरच्या फाइलची आहे. ती जोडली की सगळीकडे लगेच नोंद होते, असा समज असतो, पण तसं होत नाही. प्रत्येक साइट ठरावीक वेळाने दुसरीकडची फाइल आणून वाचते. दोन वाचनांमध्ये काही तास जातात, आणि नाताळच्या गर्दीत तेवढे तास पुरेसे असतात. शिवाय या फाइलमध्ये फक्त तारखा असतात, दर नसतो.

चार खोल्या आणि बुकिंगच्या तीन जागा असतील तर चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळी कॅलेंडरं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. त्यात एका ठिकाणी बुकिंग झालं की बाकीच्यांना लगेच कळवलं जातं. महिन्याचा खर्च झेपत नसेल तर गर्दीच्या दिवसांपुरत्या खोल्या वाटून टाका. २० डिसेंबर ते २ जानेवारी दोन खोल्या फक्त वेबसाइटवर आणि दोन फक्त प्लॅटफॉर्मवर ठेवा. चारही खोल्या सगळीकडे दिसण्याचा मोह त्या दोन आठवड्यांत टाळा.

आणि एक गोष्ट जरा आग्रहाने सांगतो. मी पाहिलेल्या दुहेरी बुकिंगपैकी निम्म्याहून अधिक फोनवर घडलेली होती. घरातल्या कुणीतरी ‘या, आहे खोली’ म्हटलं, भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने नाव लिहिलं आणि वेबसाइटला त्याचा पत्ताच नाही. फोनवर ‘हो’ म्हणण्याआधी मोबाइलमधल्या कॅलेंडरवर तारीख बंद करायची, हा नियम आईबाबांपासून सगळ्यांना लागू करा. गणपतीत आणि शिमग्याला मुंबईची घरची माणसं येणारच. ते दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करून ठेवा.

दिवेआगरहून: पाहुण्यांचे यूपीआयने पैसे जातात, पण वेबसाइटवर ‘बुकिंग अपूर्ण’ दिसतं. मग ते घाबरून फोन करतात. दोघांनी तर दुसऱ्यांदा पैसे भरले.

हा दोष पाहुण्यांचा नाही आणि बँकेचाही नाही. मोबाइलवर पैसे भरताना माणूस ब्राउझर सोडून यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो आणि परत येतो. कधी परत येतच नाही. पैसे गेल्याचा मेसेज आला की त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं. कधी फोनची मेमरी कमी असल्याने मागचं पान बंद पडलेलं असतं. तुमची वेबसाइट मात्र पाहुणा त्या पानावर परत येण्याची वाट बघत बसली आहे.

बुकिंग पक्कं करण्याचं काम त्या पानावर ठेवू नका. पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे (तुमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप आला की बुकिंग पक्कं व्हावं, पाहुण्याचं पान उघडं असो वा नसो. ज्याने साइट बनवली त्याला विचारा, ‘वेबहुक लावला आहे का?’ उत्तर गोलमोल आलं तर तो लावलेला नाही असं समजा.

दोन जोड हव्यात. पाहुण्याने ‘पैसे भरा’ दाबलं की ती खोली पंधरा मिनिटं राखून ठेवावी, म्हणजे त्या वेळात दुसरा कुणी ती घेणार नाही. आणि पैसे अडकलेले असताना पानावर स्पष्ट मराठीत लिहिलेलं असावं: ‘पेमेंटची खात्री करत आहोत. कृपया पुन्हा पैसे भरू नका.’ एवढ्या एका ओळीने तुमचे ते दोन परतावे वाचले असते. बहुतेक गेटवे परताव्यात आपलं शुल्क परत देत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

गुहागरहून: आम्ही खोलीचा दर मुद्दाम कमी दाखवतो. जादा गादी, नाश्ता, एसी यांचे पैसे पुढच्या पानावर येतात. लोक शेवटच्या पानावरून परत जातात. दर आणखी कमी करू का?

नको. दर कमी केल्याने हे थांबणार नाही. २,००० वाचून आत आलेल्या माणसाला शेवटी ३,१०० दिसले की त्याला ती फसवणूक वाटते, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ज्या तेरा ‘डार्क पॅटर्न’ना, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत अशी टप्प्याटप्प्याने वाढणारी किंमतही आहे.

तारखा आणि माणसं निवडताच एकूण रक्कम दाखवा. मुलांची वयं तिथेच विचारा. जेवण मात्र वेगळं ठेवा, कारण ते खरोखरच निवडीचं आहे. शाकाहारी ताट, मासळीचं ताट, मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतील, हे सगळं बुकिंग झाल्यावर पाठवा.

थेट बुकिंगमध्ये तुमचा खरा फायदा कुठे आहे ते हिशेबाने पाहा. ३,००० रुपयांची खोली दोन रात्रींसाठी म्हणजे ६,०००. प्लॅटफॉर्मचं कमिशन १५ टक्के धरलं तर ९००, त्यावर १८ टक्के जीएसटी १६२. एकूण १,०६२. गेटवेने २ टक्के घेतले तर कर धरून सुमारे १४२ रुपये. उरलेल्या नऊशेमधून दोन दिवसांचा नाश्ता सहज निघतो. ‘थेट बुकिंगवर नाश्ता आमच्याकडून’ असं लिहा.

जीएसटीचंही एक आहे. तुमची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल, तर थेट येणाऱ्या पाहुण्याकडून तुम्ही जीएसटी घ्यायचा नाही. त्याच खोलीचं बुकिंग प्लॅटफॉर्मवरून झालं तर तो कर भरण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर येते, आणि शेवटी तो पाहुण्याच्या बिलात दिसतो. म्हणजे दर न पाडताही तुमच्याकडे त्याला स्वस्त पडतं. हे फार कमी मालक पाहुण्यांना सांगतात.

मालवणहून: ‘फक्त १ खोली शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ लावावं का?

एकच खोली खरोखर उरली असेल तर जरूर लिहा. नसेल तर लावू नका. खोटी घाई हाही त्याच तेरांमधला एक प्रकार आहे.

दापोलीहून: प्लॅटफॉर्मवर चौकशी करणाऱ्यांना आम्ही आमचा नंबर देऊन थेट बोलावतो. यात काही धोका?

आहे. तिथे आलेली चौकशी बाहेर वळवणं बहुतेक प्लॅटफॉर्मच्या नियमांविरुद्ध असतं आणि लिस्टिंग बंद होऊ शकतं. पहिलं बुकिंग त्यांचं, ते तिथेच होऊ द्या. पाहुणे घरी आले, जेवले, समाधानाने निघाले की वेबसाइटचा पत्ता छापलेलं कार्ड हातात द्या. गुगल मॅप्सवरच्या तुमच्या प्रोफाइलमध्येही वेबसाइटची लिंक असू द्या. प्लॅटफॉर्मवर घर आवडलं की बरेच जण घराचं नाव गुगलवर शोधतात.

आंजर्ल्याहून: बुकिंगच्या वेळीच सगळ्यांच्या आधारकार्डाचे फोटो मागतो. अनेक जण तिथेच थांबतात.

मीही थांबेन. अनोळखी वेबसाइटवर घरच्या पाच जणांचं आधार चढवायला कोण तयार होईल? बुकिंगला नाव, मोबाइल नंबर आणि माणसांची संख्या पुरते. ओळखपत्र आल्यावर दारात बघा. फोटो पाठवायचाच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालेल असं लिहा. फॉर्ममध्ये फक्त एक प्रश्न वाढवा: पाहुण्यांत कुणी परदेशी नागरिक आहे का? असेल तर ते पोचल्यापासून २४ तासांत तुम्हाला त्यांच्या माहितीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म ‘सी’) ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा सोबत ठेवा, असं त्यांना आधीच कळवता येईल.