जर्मनीला नेण्याच्या भेटवस्तूंबद्दल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. घरमालकीणबाईंना पितळी समई, प्राध्यापकांना पैठणीच्या काठाची मोठी फ्रेम, लॅबमधल्या सगळ्यांना बाकरवडी आणि चिक्की, आणि पहिले काही दिवस ज्या मराठी घरी उतरणार आहेस त्यांना साजूक तूप, कंदी पेढे आणि हापूसची पेटी. यादीत माया भरपूर आहे आणि वजनही. आईला यातलं एकही नाव खोडायचं नाही, हे ती फोनवर बोलली नसली तरी कळलंच मला. म्हणून तिच्या वाट्याची काटछाट मी करते.

पहिली काट तूप आणि पेढ्यांवर. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. लाळ्या-खुरकुतासारखे जनावरांचे रोग खाण्याच्या वस्तूंबरोबर आत येतात, म्हणून हा नियम आहे आणि तो तिथे मनापासून पाळला जातो. मिठाई-चॉकलेटला सवलत आहे, पण खव्याच्या पदार्थाला ती मिळेलच असं नाही. म्हणून सातारचा कंदी पेढा नकोच. बाकरवडी, चिक्की, चिवडा, शंकरपाळे (तुपाऐवजी तेलाचं मोहन घातलेले) खुशाल ने.

आंब्याचं त्याहून अवघड. फळं, भाज्या, रोपं, पेरायचं बी यांना तिथे रोग-किडीबाबतचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच फळं त्यातून सुटली आहेत. फळमाशीच्या कारणानं २०१४ च्या मे महिन्यात युरोपनं आपल्या आंब्याची आयातच थांबवली होती आणि २०१५ च्या जानेवारीत ती बंदी उठली. तेव्हा विमानतळावरचा माणूस हापूसच्या वासानं विरघळेल अशा भ्रमात राहू नकोस. ताजा कढीपत्ता, विड्याची पानं, तुळशीचं बी हेही इथेच ठेव.

आता खसखस. तू दुबईमार्गे जाते आहेस म्हणून मुद्दाम सांगते. जर्मनीत खसखशीचा केक कुठल्याही बेकरीत मिळतो, पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोजतात. अनारशाच्या पाठीवर ती असते आणि काही घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. काकूंनी करून दिलेला मसाला असेल तर तिला स्पष्ट विचार, लाजू नकोस. खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, त्यातल्या तेलामुळे विमानात आग लागण्याचा धोका धरतात. उटण्यासारखी कुठलीही पूड दुकानाच्या मूळ छापील पाकिटातच ने. घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली पिवळसर पूड कसली आहे, हे तपासणीच्या रांगेत समजावत बसायची वेळ येऊ नये.

यादीत नसलेली, पण तुझ्या हातून सहज बॅगेत जाईल अशी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे तांब्याच्या कलशावर, तोरणावर, पणत्यांवर, रांगोळीच्या स्टिकरवर, कुंकवाच्या करंड्यावर स्वस्तिक असतं आणि आपल्या डोळ्याला ते दिसतही नाही. जर्मनीत नाझींची चिन्हं जाहीरपणे दाखवणं हा त्यांच्या दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली गुन्हा आहे. आपलं मंगलचिन्ह वेगळं, हे तिथल्या शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं आणि तुझ्या खोलीतल्या देवाबद्दल कोणी तक्रार करणार नाही. पण भेटीची वस्तू दुसऱ्याच्या घरात जाते. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं ते तोरण दारावर लावावं तर शेजारी काय म्हणतील, आणि न लावावं तर तुला काय वाटेल, असा पेच तिच्यासमोर का टाकायचा? प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटीसुलटी करून बघ. दुकानदार ‘शुभ आहे ताई’ म्हणेल, त्याचं बरोबरच आहे. तरी साधी नक्षी माग.

गणपतीच्या मूर्तीचंही थोडं असंच. देऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण तिथे ती पुस्तकांच्या कपाटात येईल तशी न्हाणीघराच्या खिडकीतही येऊ शकते, कारण घेणाऱ्याच्या लेखी ती एक सुंदर वस्तू आहे. ते पाहून तुझ्या पोटात कालवणार असेल तर मूर्ती देऊच नये.

समई काढून टाक. जड आहे, ती लावायची कशी हे शिकवावं लागेल आणि वाती कोण वळणार? शिवाय आई म्हणाली की घरातलीच पणजीची समई द्यायचा विचार आहे. ती १०० वर्षांपेक्षा जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे ती अशी देशाबाहेर नेता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पणजीची समई घरातच राहू दे ना! मोरपिसाचा पंखाही नको, मोरपिसं आणि त्यांच्या वस्तू बाहेर न्यायला बंदी आहे.

मग घरमालकीणबाईंना काय? माझं मत तांबट आळीच्या बाजूनं. पुण्याच्या कसब्यातल्या तांबटांचं मठारकाम तू लहानपणापासून पाहिलं आहेस, हातोडीच्या ठोक्यांनी तांब्यावर उठवलेले ते बारीक चकाकते ठिपके. तळहातावर मावेल एवढी वाटी घे. किल्ल्या ठेवायला, मेणबत्ती ठेवायला, अक्रोड ठेवायला, कशालाही ती चालेल, आणि नाही आवडली तर खणात ठेवली तरी जागा अडणार नाही. देताना एवढंच सांग की पेशव्यांच्या काळापासून हे कारागीर आमच्या गावात आहेत आणि आतून कल्हई नसेल तर त्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं नाही. दोन वाक्यांत सांगून संपेल अशी वस्तू नवीन भाषेत द्यायला बरी. पैठणीवर तुला दहा मिनिटं बोलावं लागेल, आणि तुझं जर्मन अजून तेवढं झालेलं नाही.

वाटी पोचल्या पोचल्या जिन्यात हातात कोंबू नकोस. त्या कधीतरी रविवारी दुपारी कॉफी-केकला बोलावतील, तेव्हा दे. त्या तुझ्यासमोरच कागद उघडतील. आपल्याकडे भेट बाजूला ठेवून पाहुणे गेल्यावर उघडतात, तिथे समोर उघडून आनंद दाखवणं हीच रीत आहे. ‘अहो, काही विशेष नाही हो’ हे आपलं वाक्य तिथे म्हणू नकोस, ते शब्दशः घेतलं जातं. आणि त्यांचा वाढदिवस जवळ आला असेल तर शुभेच्छा आणि भेट त्या दिवशी किंवा नंतर, आधी मुळीच नाही. आधी दिलेल्या शुभेच्छा तिथे अशुभ मानतात. वेळेबाबत इतक्या काटेकोर माणसांना हे शोभतंच म्हणा.

प्राध्यापकांना पहिल्या दिवशी काहीच देऊ नकोस. सरकारी विद्यापीठातले प्राध्यापक बहुधा सरकारी अधिकारीच असतात आणि महागडी भेट घेणं त्यांना नियमानं अडचणीचं होतं. त्यांनी ती हसून परत केली तर तू आठवडाभर रडशील. बाकरवडीचा डबा लॅबच्या स्वयंपाकघरात ठेव, त्यातला तुकडा त्यांनीही उचलला तर झालं. डब्याशेजारी जर्मनमध्ये चिठ्ठी हवी: काय आहे, किती तिखट आहे, शेंगदाणे आणि तीळ आहेत की नाहीत. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिथे गंमत म्हणून घेत नाहीत, म्हणून चिक्कीचं वेगळं पाकीट ठेव, बाकरवडीत मिसळू नकोस. स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच केक नेण्याची पद्धत तिथे आहे, तेव्हा खायला घालायची संधी पुन्हा येणारच आहे. सगळा डबा पहिल्याच आठवड्यात रिकामा करायची गरज नाही.

मराठी घराचं मात्र वेगळं. तिथे आश्चर्याचा धक्का देण्यापेक्षा सरळ विचारणं चांगलं. पहिल्यांदा विचारलंस की ‘काही नको गं, सगळं मिळतं इथे’ असं उत्तर येईल. दोन दिवसांनी पुन्हा विचार, मग खरी यादी येईल: मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, एखाद्या ठराविक दुकानाचंच पोह्याचं पाकीट. त्यात मागच्या दिवाळीचे दोन-तीन अंक घाल. आता एप्रिल तोंडावर आला, ते रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळतील, आणि परदेशात दिवाळी अंक शिळा होत नाही. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या घरांना ही सवय आहे, ती श्टुटगार्टला गेल्यानं सुटत नाही. त्यांना मुलं असतील तर सावंतवाडीचं एखादं लाकडी खेळणं घे, फळांची छोटी टोपली घेतलीस तर उत्तम. गंजिफाही सुचवली असती, पण १२० गोल पत्त्यांचा हातानं रंगवलेला दशावतारी संच तुझ्या शिष्यवृत्तीला झेपणार नाही.

याशिवाय कुणाच्याही नावाची नसलेली चार-पाच छोटी पाकिटं ठेव. वारलीची चित्रं असलेली पोस्टकार्डं, खणाच्या कापडाची पुस्तकखूण, असलं काही. बँकेच्या कागदपत्रांत मदत करणारा वर्गमित्र किंवा बंद दाराबाहेर अडकलीस तर चहा देणारी शेजारीण तुला अजून माहीत नाही.

विकत घेतलेल्या वस्तूंची बिलं पासपोर्टच्या पाकिटात राहू देत. विमानानं येणाऱ्याला नेहमीच्या कपड्यालत्त्याखेरीज ४३० युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात, तू त्याच्या खूप आत राहशील. खाऊ आणि लोणच्याची बाटली चेक-इन बॅगेत, वाटी हातातल्या पिशवीत, नाहीतर चेपून पोचेल.

शनिवारी सकाळी मी कसब्यात जाणार आहे. वाटी निवडायला यायचं असेल तर आदल्या रात्री कळव, आणि आईलाही आण. तुपाचं तिला मी सांगते.

तुझी,
मावशी