मन लागत नाही तरी जपाला बसायचं का?

बाय,

तुझा मेसेज ड्युटीवर वाचला पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून आज सुट्टीला निवांत लिहितोय. आजी म्हणते नेम मोडू नको आणि तू विचारतेस, बाबा, हातात माळ फिरते पण डोक्यात गणिताचा पेपर, मग हे देवाला फसवणं नाही का.

नाही गं. ही तक्रार अर्जुनानेसुद्धा केली होती, गीतेच्या ६ व्या अध्यायात, मन आवरणं म्हणजे वारा अडवण्याइतकं कठीण आहे म्हणाला, आणि कृष्णाने त्याला सोडून दे असं नाही सांगितलं, अभ्यासाने आणि वैराग्याने जमतं म्हणाला, मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून परत आणायचं. त्यामुळे तू दहादा गणितात गेलीस आणि दहादा रामनामावर आलीस तर ती माळ वाया गेली असं मला बिलकूल वाटत नाही.

तू एकदम मनातल्या मनात जपायला बसतेस ना? मानसजप सगळ्यात कठीण. आधी मोठ्याने म्हण, आजीने ऐकलं तर ऐकू दे, मग नुसते ओठ हलव, त्याला उपांशु जप म्हणतात, मनातला जप मागाहून येतो. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, हे आजीने दाखवलंच असेल.

आणि माळ एकच, १०८ मणी, पण रोज, दिवेलागणीला, त्याच जागी. श्रावणात पाच माळा आणि भाद्रपदात काहीच नाही असं नको. आपल्या वास्कोत दामोदराचा सप्ताह बघतेस ना, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी देवापुढे श्रीफळ ठेवलं की २४ तास भजन थांबत नाही, पहाटे तीनला बसलेल्या पथकाचे डोळे तारवटलेले, आवाज बसलेला, आणि तरी टाळ चालूच, मला तर भक्ती म्हटलं की तीच माणसं आठवतात. त्या वेळी त्यांना गोड वाटत असेल-नसेल, आपल्या पथकाची पाळी आली की बसायचं एवढं त्यांना पक्कं माहीत असतं.

पेपर असेल, ताप असेल तर ११ वेळा नाव घे, पण घे. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करत बसू नको, नेहमीचीच एक कर, नाहीतर ओझं वाटायला लागतं आणि मग सगळंच सुटतं.

मोबाईलवरचा काउंटर मात्र नको, एक नोटिफिकेशन आलं की संपलं. आजीची तुळशीची माळ मागून घे, ती देईल.

बाबा