पत्रा की एसीपी? कोटेशनमधली सातवी ओळ वाचा

प्रश्न : भांडुपला आमची 28 सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे. मी सचिव. गेल्या वर्षी जिन्याच्या बाजूचा दर्शनी भाग आम्ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवून घेतला. कोटेशनमध्ये ‘3 मिमी ॲल्युमिनियम शीट क्लॅडिंग, पीव्हीडीएफ कोटेड, 1600 चौ. फूट, दर 625 रुपये’ असं होतं. जीएसटी धरून 11 लाख 80 हजार. माल जानेवारीत आला, चलनावर वॉचमनने सही केली, काम फेब्रुवारीत संपलं. दहा टक्के म्हणजे 1 लाख 18 हजार आम्ही अडकवून ठेवले. यंदा मे महिन्यातल्या वादळात एक पत्रा सुटून खाली लावलेल्या स्कूटरवर पडला. पाहतो तर आत काळं प्लास्टिक आणि दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ थर! ठेकेदार म्हणतो, बाजारात शीट म्हणजे एसीपीच (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल, म्हणजे मधे प्लास्टिक असलेला पत्रा), शिवाय नमुना तुम्हीच पास केलात. वर त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : बाकी रक्कम तिप्पट व्याजाने द्या, नाहीतर एमएसएमई परिषदेकडे (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) जातो. इकडे दोन-तीन सभासद म्हणतात, सचिवाने कमिशन खाल्लं. सगळे पत्रे उतरवून त्याच्या गोडाऊनसमोर टाकावेत आणि पूर्ण पैसे परत मागावेत, असं कमिटीचं मत आहे. पोलिसांत 420 ची तक्रार करता येईल का?

उत्तर : सचिवसाहेब, आधी कमिटीला थांबवा. पत्रे सरसकट उतरवले की तुमचा पुरावाही भिंतीवरून उतरला. पाऊस तोंडावर आहे, तेव्हा हलणारे आणि कडेचे पत्रे आवळून किंवा काढून घ्यावेच लागतील, खालची जागा दोरी लावून बंद करावी लागेल. ते आजच करा. पण काढण्याआधी ठेकेदाराला लेखी कळवा की अमुक दिवशी अमुक वाजता आम्ही पत्रे काढतो आहोत, हजर राहा. तो आला नाही तरी चालेल. आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर काढा, फोटो घ्या, प्रत्येक पत्रा कुठला होता ते त्यावर लिहा, स्क्रूसुद्धा पिशवीत भरून ठेवा. स्क्रूचं कारण पुढे सांगतो.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात जे सापडलं त्यावर तुमचं निम्मं प्रकरण उभं राहतं. पहिली ओळ ‘ॲल्युमिनियम शीट क्लॅडिंग’ची आहे, ती तुम्ही लिहिलीतच. सातवी ओळ संस्थेच्या नावाच्या फलकाची आहे आणि तिथे त्यानेच ‘एसीपी बोर्ड’ असं लिहिलं आहे. म्हणजे एकाच कागदावर, एकाच हाताने, एका ठिकाणी शीट आणि दुसऱ्या ठिकाणी एसीपी. बाजारात शीट म्हणजेच एसीपी असती, तर फलकासाठी त्याला वेगळा शब्द कशाला लागला असता? व्यापारातल्या रूढीचा आधार कायदा देतो, पण ज्याने स्वतःच फरक करून लिहिलं त्याला त्या रूढीमागे लपणं अवघड जातं. त्याचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. दुकानात लोक ‘एसीपी शीट’ म्हणतात हे खरं आहे, आणि त्याचा वकील तेच धरून बसणार.

आता नमुना. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 15 तुमच्या बाजूने बोलतं. माल वर्णनावरूनही विकला आणि नमुन्यावरूनही विकला, तर तो नुसता नमुन्याशी जुळून भागत नाही, वर्णनाशीही जुळावा लागतो. तुम्ही रंग आणि चकाकी पाहून चार इंची तुकडा पास केला असेल, तेवढ्याने ‘ॲल्युमिनियम शीट’ हे शब्द कोटेशनमधून पुसले जात नाहीत. त्या तुकड्याची कड उघडी होती की पट्टीने झाकलेली होती, हे मात्र आठवून लिहून ठेवा. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येईल. तुकडा अजून कुणाच्या कपाटात असेल तर सोन्यासारखा जपा.

वजनही घ्या. न्यायालयात लांबलचक युक्तिवादापेक्षा वजनकाटा लवकर पटतो. भरीव ॲल्युमिनियमचा 3 मिमी जाडीचा पत्रा चौरस फुटाला साधारण पाऊण किलो भरतो, आठ बाय चारचा अख्खा पत्रा 24 किलोच्या आसपास. तेवढ्याच जाडीची एसीपी, जिच्या दोन्ही बाजूंना पाव मिलीमीटरचे थर आणि मधे प्लास्टिक असतं, ती याच्या निम्म्यावर येते. पडलेल्या पत्र्याचं क्षेत्रफळ मोजा, काटा पावती करून घ्या. माल आला तेव्हा टेंपोची काटा पावती झाली असेल तर ती शोधा. पन्नास अख्ख्या पत्र्यांचं वजन बाराशे किलो व्हायला हवं होतं.

वॉचमनच्या सहीची फार धास्ती नको. चलनावर ‘माल तपासून घेतला’ असं छापलेलं असतं, पण तपासायची वाजवी संधी मिळाल्याशिवाय माल स्वीकारला असं कायदा मानत नाही. त्या सहीने नग आले एवढं ठरतं. खरी अडचण त्यानंतरची आहे. पत्रे भिंतीला लागले आणि वर्षभर तिथे राहिले, म्हणजे त्याच मालविक्री कायद्याच्या कलम 42 प्रमाणे तुम्ही माल स्वीकारला. एकदा स्वीकारला की तो परत करून सगळे पैसे मागण्याचा हक्क सर्वसाधारणपणे जातो आणि नुकसानभरपाईचा उरतो. म्हणून गोडाऊनसमोर पत्रे टाकण्याची कल्पना सोडा. तसं केलंत तर उद्या त्याचाच वकील म्हणेल, अर्धे पत्रे तुम्ही टेंपोत वाकवले.

राखून ठेवलेल्या 1 लाख 18 हजारांकडे येऊ. कलम 59 सांगतं की विक्रेत्याने शब्द मोडला तर त्याचं नुकसान किंमत कमी करण्यासाठी त्याच्यासमोर मांडता येतं. तेव्हा ‘पैसे देत नाही’ ही भाषा नको. ‘माल वर्णनाप्रमाणे नाही, आमचं नुकसान बाकी रकमेहून जास्त आहे, ती त्यात वळती करतो आणि उरलेल्यासाठी दावा करतो’ असं उत्तर जायला हवं. नुकसानीचा आकडा हवेतून घेऊ नका. तेवढ्याच कामाचे दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून दोन लेखी दर मागवा, एक भरीव पत्र्याचा आणि एक एसीपीचा. दोहोंतला फरक हा तुमचा किमान आकडा.

तो वाढूही शकतो. एसीपीच्या मधला थर साध्या पॉलिथिलीनचा असेल तर तो जळतो. 2017 मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, 72 माणसं गेली, आणि आग बाहेरून वर चढली ती असल्याच पॅनेलवरून. तुमचं काम जिन्याच्या बाजूला आहे, म्हणजे पळायच्या वाटेलगत. इमारतीतल्या आगप्रतिबंधक उपायांची जबाबदारी महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने मालक आणि भोगवटादारावर टाकली आहे, ठेकेदारावर नाही. दर जानेवारी आणि जुलैत तुम्ही ज्या परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) घेता, तिला हा पत्रा दाखवा आणि लेखी मत मागा. आतला थर धोक्याचा निघाला तर प्रश्न दरातल्या फरकाचा राहत नाही, काढून नवीन बसवण्याच्या खर्चाचा होतो. मग कमिटीची इच्छाही पुरी होईल, पण रीतसर.

स्क्रूचं कारण असं, की तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि पत्रात त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. एसीपी दिली ही एक, पत्रा पडला ही दुसरी. नीट बसवलेली एसीपी वाऱ्याने सुटत नाही, आणि वाईट बसवलेला भरीव पत्रासुद्धा सुटतो. तो तर जास्त जड. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमला लागून असले की गंज लवकर धरतो. इंजिनिअरच्या अहवालात सांगाडा, स्क्रू आणि दोन स्क्रूंमधलं अंतर यावर वेगळा परिच्छेद हवा. पहिली तक्रार मालाची, दुसरी सेवेतल्या त्रुटीची, आणि दुसरीसाठी कोटेशनमधल्या शब्दांवर भांडायची गरजच पडत नाही. एसीपी बनवणाऱ्या कंपनीला मात्र यात ओढू नका. तिने एसीपी म्हणूनच ती विकली.

एमएसएमईची धमकी पोकळ नाही, म्हणून हा भाग सावकाश वाचा. 2006 च्याच एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. माल किंवा सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली असती तर हे घड्याळ हरकत दूर होईपर्यंत थांबलं असतं. तुम्ही घेतली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या प्रतींत ऑगस्टमधला तुमचाच संदेश आहे : ‘बाकी पेमेंट गणपतीनंतर करतो.’ माणूस चांगुलपणाने लिहितो आणि वकील ते पिवळ्या पेनाने रंगवतो. आता एकच उत्तर उरतं की तेव्हा तुम्हाला आतलं प्लास्टिक माहीत नव्हतं. ते खरं आहे, तेव्हा तेच सांगा. आणि यापुढे त्याला एकही संदेश पाठवू नका.

तुमच्या हातात इथे तीन गोष्टी आहेत. त्याच्या उद्यम नोंदणीची, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीची, तारीख मागा. ती कामानंतरची असेल तर तो मुद्दा उत्तरात घ्यायचाच. बिलावरचा जीएसटीचा कोड पाहा : 7606 हा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, 9954 हा बांधकाम सेवेचा. माल आणि मजुरी मिळून अखंड कामाचा ठेका या कायद्यात बसत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत धरलं आहे. वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका, पण मांडा जरूर. तिसरं, प्रकरण परिषदेकडून लवादात गेलंच तर तिथे खरेदीदाराला प्रतिदावा करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे तिथेही तुम्ही नुसते कर्जदार म्हणून उभे राहत नाही.

तुम्ही स्वतः जायचं ठिकाण म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सहकारी संस्था ही 2019 च्या ग्राहक कायद्यात ‘व्यक्ती’ आहे, राहत्या इमारतीचं काम हा व्यापारी हेतू नाही, आणि 50 लाखांपर्यंत मोबदल्याची प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच जातात. तुमच्या रकमेला फी 400 रुपये. पत्रा प्रयोगशाळेत पाठवण्याचा अर्ज सुरुवातीलाच करा. आयोग नमुना मोहोरबंद करून पाठवतो आणि अहवालाला 45 दिवस असतात, खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. मुदत दोन वर्षांची आहे. ती मे महिन्यात प्लास्टिक दिसलं तेव्हापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण करायची वेळच येऊ देऊ नका. माल आला त्या जानेवारीपासून मोजा, म्हणजे येत्या जानेवारीच्या आत तक्रार दाखल. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन बदलायचा विचार असेल तर पुढे ढकला.

420 आता 420 राहिलेलं नाही, भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम 318 मध्ये गेली. सातव्या ओळीमुळे सुरुवातीपासूनच्या हेतूबद्दल बोलायला जागा आहे हे खरं, पण पोलीस ठाण्यात तुम्हाला ‘दिवाणी मामला’ हेच ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी. मी आज त्या वाटेला जाणार नाही. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावर पुन्हा विचार करू.

कमिशनच्या आरोपाबद्दल थोडक्यात. किती कोटेशनं आली होती, कोणत्या सभेत कोणतं मंजूर झालं, इतिवृत्तावर कुणाच्या सह्या आहेत, या सगळ्याची एक फाइल करून पुढच्या सभेत टेबलावर ठेवा, कुणी मागायच्या आधी. सहकार कायद्यातलं कलम 88 गैरव्यवहार करणाऱ्यासाठी आहे, ठेकेदाराकडून फसलेल्या सचिवासाठी नाही. त्याच सभेत दावा करण्याचा, वकील नेमण्याचा आणि सही कोण करणार याचा ठरावही घ्या.

नोटिशीचं उत्तर 15 दिवसांत जायचं आहे आणि त्यातले सहा गेले. मूळ कोटेशन घेऊन या, झेरॉक्सवर सातवी ओळ पुसट आली आहे. आणि त्या स्कूटरवाल्या भाडेकरूला दुरुस्तीचे पैसे संस्थेकडून देऊन टाका, पावती घ्या. ती रक्कमही ठेकेदाराच्या नावे मांडता येईल.