आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा

भाऊ, ४ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर आणलास, तर लगेच विंडोज पुसू नको. लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम. तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर टाक आणि तिथूनच चालवून पाहा. वायफाय, प्रिंटर चालतात का ते कळते. मी घाईत सगळं पुसलं होतं, लग्नाच्या फोटोंसकट. घरची बोलणी अजून खातो.

लिहायला लिब्रेऑफिस. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये वेगळं निघालं, पण आज तेच पुढे आहे.

- आपल्याकडे लाइनीचा भरवसा नाही. लिब्रेऑफिसची ऑटोरिकव्हरी (लिहिलेलं आपोआप जपून ठेवायची सोय) ५ मिनिटांवर ठेव.
- मराठी युनिकोडमध्येच (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) टाइप कर. प्रिंटला नेताना पीडीएफ काढ, नाहीतर दुकानात मांडणी विस्कटते.

फोटोला गिम्प, बॅनरला इंकस्केप. दोन्ही एकदम धरू नको बाप्पा! टर्मिनलचं, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीचं, दिवाळीनंतर पाहू.