सायकलला पहिल्यांदाच मोटर बसवतोय, पैसे मोजके आहेत. २५० वॅटची पुरेल की सरळ ७५०ची घेऊ? व्होल्ट किती, अँपिअर-अवर किती घ्यावेत, आणि चढाला ओढेल ना?

२५०ची घ्या.

पण वॅटच्या शेजारी मोटरवर आणखी एक आकडा छापलेला असतो, आरपीएमचा, म्हणजे मोटर मिनिटाला किती फेरे घेते त्याचा. तो तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. व्होल्ट आहेत, अँपिअर-अवर (बॅटरीत किती साठा मावतो) आहेत, "चढाला ओढेल ना?" ही काळजी आहे, पण स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राला, दाते किती याचा पत्ता नाही. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं आणि त्यावरून माझा नि थोरल्या भावाचा जो वाद जुंपला तो अजून मिटलेला नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझ्याकडे जुनी २६ इंची लोखंडी सायकल होती. मोटर घेतली ती छोट्या ई-स्कूटरना असते तसली: २४ व्होल्ट, २५० वॅट, कार्बन ब्रशवाली, २७५० आरपीएम. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या. मोटरला करंट सोडणारा एक साधा कंट्रोलर, हँडलला थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायची मूठ). मोटरच्या शाफ्टवर ११ दात्यांचं स्प्रॉकेट आधीपासून होतं. मागच्या चाकाला डाव्या अंगाने भंगारातल्या सायकलचं ४४ दात्यांचं चक्र लावलं, रबराच्या दोन चकत्यांमध्ये स्पोक पकडून बोल्टने आवळलं. मोटर कॅरिअरवर बसवली. मागचं चाक उचलून थ्रॉटल पिळला तर चाक असं भिरभिरलं की मला वाटलं, जमलं.

जमलं नव्हतं. चाक जमिनीला टेकवून वर बसले तर सायकल जागची हलेना. पेडल मारून वेग दिला की मोटर गुरगुरत थोडा हातभार लावायची, तेवढंच. घराजवळ एक चढ आहे, घाट वगैरे काही नाही, शंभर मीटरला पाचेक मीटर चढतो. तिसऱ्या दिवशी त्या चढावर कंट्रोलरमधून धूर निघाला. मोटरला हात लावला तर चटका बसला.

दादा बघायला आला. तो यंत्रांमध्ये वावरणारा माणूस, आमच्या घरात अशा बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्याने मोटरवरचा आकडा वाचला आणि म्हणाला, "अडीचशे वॅटमध्ये माणूस ओढला जात नाही. पैसे वाचवायला गेलीस आणि आहेत तेही घालवलेस. घ्यायची तर ७५०ची घे, नाहीतर हा नाद सोड." जळलेला कंट्रोलर माझ्या हातात होता, त्यामुळे मी काही बोलू शकले नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

त्या रात्री वही घेऊन बसले. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. मोटर मिनिटाला २७५० फेरे घेते, ११ला ४४ म्हणजे वेग चौथाई होऊन चाकाला ६८७ फेरे मिळतात. घेराने गुणलं, तासाचं काढलं, उत्तर आलं ८५ किलोमीटर. म्हणजे मी माझ्या सायकलला ताशी ८५ किलोमीटरचा गिअर लावून ठेवला होता! गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि चढावर उभ्याची उचलायची, तसला प्रकार.

आणि कंट्रोलर का जळला तेही त्यातच आहे. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच जनित्रासारखा उलट्या दिशेने व्होल्टेज तयार करते. जितकी जोरात फिरेल तितका हा विरोध जास्त आणि आत शिरणारा करंट कमी. अडून राहिलेल्या मोटरमध्ये हा विरोध जवळपास नसतो, मग करंट वाढतो, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. कंट्रोलर बॅटरीकडून १५ अँपिअरच घेत असला तरी मोटर हळू फिरत असताना तिच्या गुंडाळ्यांतून त्याच्या कितीतरी पट जात असतात. माझी मोटर अशक्त नव्हती, तिला फिरायलाच मिळत नव्हतं.

आता दादाच्या ७५० वॅटचं बघा. २७५० आरपीएमला २५० वॅट म्हणजे शाफ्टवर ०.८७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. चौपट केला की चाकावर साडेतीन. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर धरली तर रस्त्यावर रेटा मिळतो जेमतेम एक किलो वजनाइतका. त्याच आरपीएमची ७५०ची मोटर त्याच दात्यांवर लावली असती तर तिप्पट, म्हणजे तीन किलोच्या थोडा वर. आणि २५०चीच ठेवून घट (दात्यांनी मोटरचा वेग कमी करणं) चौपटीऐवजी १३.७ पट केली तर? पावणेचार किलो. एक तृतीयांश ताकदीची मोटर जास्त ओढते, केवळ दाते बरोबर आहेत म्हणून. हा हिशेब मी तीनदा तपासला आणि तो कागद अजून जपून ठेवला आहे.

१३.७ हा आकडा आभाळातून पडलेला नाही. मला ताशी २५ किलोमीटर हवे होते. म्हणजे चाकाला मिनिटाला दोनशे फेरे. २७५० भागिले २००. एका टप्प्यात एवढी घट होत नाही, ११ दात्यांना १५० दात्यांचं चक्र लागेल, ते चाकाएवढंच होईल. म्हणून मध्ये एक शाफ्ट घातला. भंगारातल्या फ्रेमचा पेडलचा भाग कप-एक्सलसकट कापून घेतला, त्यात बॉल बेअरिंग आयतंच मिळतं. एका टोकाला आधीचंच ४४चं चक्र, दुसऱ्या टोकाला १४चं, दोन्ही वेल्ड केली, चाकावर ४८चं. चार पट आणि त्यापुढे ४८ भागिले १४, मिळून १३.७.

कागदावर हे दोन ओळींत होतं, हाताने करायला मला तीन रविवार लागले. पहिल्यांदा मधला शाफ्ट कॅरिअरलाच बांधला, तर जोर आला की कॅरिअर वाकायचा आणि चेन उतरायची. मग फ्रेमला पट्ट्या मारून पक्का केला. चाकाला थोडा आऊट, म्हणजे फिरताना वाकडेपणा, होता तोही काढावा लागला, कारण चक्र स्पोकवर बसवलेलं असलं की चाकाचा आऊट चेनमध्ये उतरतो, चेन एका जागी ढिली आणि एका जागी ताठ होते. दोन्ही चक्रं एका रेषेत आहेत का ते ताणलेल्या दोऱ्याने बघा, डोळ्यावर विसंबू नका.

एक दोष राहिला तोही सांगते. १४चं चक्र वेल्ड केल्यामुळे बॅटरी संपल्यावर पेडल मारलं की मोटरही फिरवावी लागते, सायकल जड जाते. मध्ये फ्रीव्हील (एकाच दिशेने जोर देणारं, एरवी मोकळं फिरणारं चक्र) बसवलं असतं तर हे टळलं असतं. तुम्ही बसवा.

पण चढ चढली. तीच मोटर, त्याच बॅटऱ्या, फक्त कंट्रोलर नवा. उभ्याने सुटते, चढावर हलकं पेडल मारलं की दहा-बाराच्या वेगाने वर जाते, वर पोचल्यावर मोटर कोमट असते. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरा, ५ टक्के चढ ताशी १० किलोमीटरने चढायला साधारण १६५ वॅट लागतात. अडीचशे वॅटमध्ये माणूस ओढला जातो, दादा.

त्याने चक्कर मारून बघितली आणि म्हणाला, "तू पेडल मारतेस म्हणून चालते." सायकलच आहे ती, पेडल मारायचंच! पुढे त्याच्याच सल्ल्याने आमच्या मामेभावाने ७५०ची मोटर घेतली, आरपीएम न बघता. २४ व्होल्टवर ७५० वॅट म्हणजे ३१ अँपिअर, इतका करंट त्याच्या छोट्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांना झेपेना. मग मोठ्या बॅटऱ्या, मग मोठा कंट्रोलर, मग जाड वायर, कारण आधीची गरम होत होती. मोटरवर लागले त्याच्या कितीतरी पट पैसे बाकीच्यावर गेले आणि आता ती सायकल कोपऱ्यात उभी आहे. मोजक्या पैशात मोठी मोटर घेणाऱ्याचं असंच होतं. मोटर हा खर्चातला लहान भाग आहे, तिच्यामागे सगळं वाढत जातं.

वेगाचंही तेच. सरळ बसून सपाट रस्त्यावर ताशी २५ला दोनशे वॅटच्या आसपास लागतात, ५०ला हजाराच्या वर, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. ७५० हवीच असं वाटत असेल तर आधी स्वतःला विचारा, वेग हवाय की चढ चढायचाय. चढासाठी दाते आहेत.

तुमच्यासारख्या पहिलटकराने काय घ्यावं? पैसे थोडे जास्त असतील तर चाकाच्या मध्यभागीच बसणारी, गिअर असलेली हब मोटर, ३६ व्होल्ट २५० वॅटचं किट. घट आतच केलेली असते, फक्त तुमच्या चाकाच्या इंचाचं घ्या. त्याहून स्वस्तात करायचं तर स्कूटरचीच मोटर, पण गिअरबॉक्स जोडलेला प्रकार मिळतो, तो. आणि अगदीच खिसा रिकामा असेल तर रोलर. मोटरच्या शाफ्टवर ४८ मिलिमीटर व्यासाचा खरखरीत रोलर बसवा आणि तो टायरवर टेकवा, २६ इंची चाकावर तेच १३.७चं गुणोत्तर चेनशिवाय, वेल्डिंगशिवाय मिळतं. फ्रान्समध्ये १९४६पासून व्हेलोसोलेक्स याच तत्त्वावर विकली गेली, पुढच्या चाकावर छोटं इंजिन आणि टायरला टेकलेला रोलर. पावसात रोलर घसरतो आणि टायर लवकर झिजतो, टायरमध्ये हवा नेहमी भरपूर लागते. पण शिकायला याच्याइतकं सोपं काही नाही. पेट्रोल इंजिनच्या किटच्या वाटेला जाऊ नका. हादऱ्याने नट ढिले होतात, आवाज, धूर, आणि बऱ्याच ठिकाणी असं वाहन रस्त्यावर काढणंच बेकायदा.

कायद्याचं निघालंच आहे तर, २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा अनेक देशांत आहे, त्यापुढे ती सायकल राहत नाही, मोटर वाहन ठरते. तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

आणि हे मी खरं तर आधी लिहायला हवं होतं: ब्रेक. १५ऐवजी ३०च्या वेगाने जाणारी सायकल थांबवायला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. जुन्या सायकलच्या स्टीलच्या रिमवर पाणी पडलं की ब्रेकचे रबर नुसते सरकतात. मोटरच्या आधी नवे रबर, नव्या केबल, जमलं तर अ‍ॅल्युमिनियमची रिम, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा लीव्हर. हब मोटर पुढच्या चाकाला लावणार असाल तर चिमटा लोखंडीच हवा. मोटरचा एक्सल खाचेत फिरायला बघतो, अ‍ॅल्युमिनियमची खाच तडकते आणि धावत्या सायकलचं पुढचं चाक निघून येतं. टॉर्क आर्म (एक्सलला फ्रेमशी जखडून फिरू न देणारी पट्टी) लावल्याशिवाय चालवू नका.

बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. माझ्या दोन बॅटऱ्या कागदावर १६८ वॅट-अवर, प्रत्यक्षात जोरात ओढल्यावर निम्म्याच मिळतात, सात-आठ किलोमीटर झाले की संपल्या. पूर्ण रिकाम्या केल्यात तर लवकर मरतात. लिथियम घेणार असाल तर बीएमएस (सेल जपणारं सर्किट) असलेला तयार पॅक घ्या. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवण्याचे व्हिडिओ बघून पहिल्याच प्रयत्नात ते करू नका, सेल घरात पेटतो आणि पाण्याने सहज विझत नाही. चार्जिंग जागेपणी करा.

मोटर घ्यायच्या आधी तिचा आरपीएम आणि तुमच्या चाकाचा इंच कळवा, दाते किती लागतील ते मी काढून देईन. मोटर घेऊन झाली असेल तरी कळवा, बहुतेक वेळा तीच चालवता येते.