औषध कारखान्यात सॉफ्टवेअर नेमके काय करते?

आपण विचारले आहे की, औषध कारखान्यांतील संगणकीय प्रणालींमुळे गुणवत्ता खरोखर सुधारते, की त्या केवळ तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना दाखवण्यापुरत्या असतात. मी मुंबईत एका औषध कंपनीच्या क्वालिटी अ‍ॅश्युरन्स विभागात काम करतो. माझ्या मते या प्रणाली औषध चांगले बनवत नाहीत. त्या चूक पुढे सरकू देत नाहीत आणि केलेली खाडाखोड लपू देत नाहीत.

डिस्पेन्सिंगचेच, म्हणजे बॅचसाठी कच्चा माल मोजून देण्याच्या कामाचेच पाहा. कच्च्या मालाचा ड्रम गोदामात आला की प्रणालीत त्याची नोंद ‘क्वारंटाइन’ (तपासणी होईपर्यंत वापरास बंदी) अशी होते, आणि प्रयोगशाळेने मंजुरी देईपर्यंत बारकोड कितीही वेळा स्कॅन केला तरी वजनकाट्यावरची पुढची पायरी उघडत नाही. या कुलपाचे मोल मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. मात्र चाचणी न करताच कोणी ‘मंजूर’चे बटण दाबले, तर तेच सॉफ्टवेअर विषारी ड्रमही निमूटपणे पुढे पाठवेल.

म्हणूनच प्रयोगशाळेतील ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक कृतीची आपोआप होणारी नोंद, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एचपीएलसीवर (नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना नापास होणार असे दिसताच रन, म्हणजे चालू चाचणी, मध्येच थांबवणे, आलेखातील पीक (शिखर) हाताने पुन्हा इंटिग्रेट करणे, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ नव्याने मोजणे, किंवा संगणकाचे घड्याळ मागे घेणे, या सगळ्याची नोंद कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने केले यासह राहते. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी अमेरिकेने 1997 मध्येच ‘21 सीएफआर पार्ट 11’ हा नियम आणला; आपल्याकडेही डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्ये (औषधनिर्मितीच्या योग्य पद्धतींच्या नियमांमध्ये) संगणकीय प्रणालींचा विचार केलेला आहे. पण संपूर्ण शिफ्ट एकाच पासवर्डवर चालत असेल, तर ‘कोणी’ या रकान्याला काही अर्थ उरत नाही. आणि बॅच सोडण्यापूर्वी तो ट्रेल कोणी वाचतच नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.

1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या वेष्टनांवर सक्तीचा झालेला क्यूआर कोड ग्राहकाला बॅच क्रमांक, मुदत आणि परवाना क्रमांक दाखवतो. तो उपयुक्त आहे, परंतु छापील कोडची नक्कल करता येते, त्यामुळे केवळ स्कॅन झाले म्हणून औषध अस्सल ठरत नाही.

आपला कारखाना लहान असेल, तर महागड्या इलेक्ट्रॉनिक बीएमआरच्या (बॅचच्या उत्पादन-नोंदीच्या) मागे लगेच लागू नये. आधी प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे, डेटा पुसण्याचे आणि घड्याळ बदलण्याचे अधिकार विश्लेषकांकडून काढून घ्यावेत, आणि बॅकअप घेतला जातो एवढ्यावर समाधान न मानता तो परत उघडतो का, हे अधूनमधून तपासावे.